वरवंट्याची कहाणी कुठल्या कपाटात ठेवायची?

मा. संपादक,
स. न.

परवा लायब्ररीत डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेची 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' ही जादूची कादंबरी मागितली तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, मूल कितवीत आहे? अहो मी छप्पन्न वर्षांची आहे आणि मूल पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झाली. पुस्तक निघालं शेवटी बालविभागात, खालच्या फळीवर.

कादंबरी 1986 ची, जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा तिच्यावरचा ॲनिमेशन पिक्चर 2004 चा, त्यामुळे लोकांना वाटतं हे कार्टूनच आहे. चेटकीण एका तरुण मुलीची, सोफीची, नव्वदीची म्हातारी करून टाकते वगैरे आहेच, पण मला खरी मजा आली ती घरातल्या लपवालपवीची. सोफीच्या दोघी धाकट्या बहिणी, एक बेकरीत कामाला आणि एक जादू शिकायला धाडलेली, त्या गुपचूप मंत्राने रूपं बदलून एकमेकींच्या जागी राहतायत आणि सावत्र आईला पत्ताच नाही! एवढा मोठा जादूगार हाउल, त्याचं एक दार उघडतं थेट आपल्या जगातल्या वेल्समध्ये, तिथे सख्खी बहीण त्याला शिकून धड नोकरी नाही म्हणून फाडफाड बोलते. आणि सोफी टोप्या शिवताना टोप्यांशी जे बोलते ते खरं होत जातं, हे तिचं तिलाच माहीत नसतं.

वाचता वाचता मला आठवली आमच्या आईची श्रावणातली शुक्रवारची कहाणी. ती जिवतीचा कागद भिंतीला लावायची, पुरणाचे दिवे करायची आणि सगळ्यांना बसवून वाचायची, मी पुरणाकडे बघत ऐकायचे. आटपाट नगरच्या राणीला मूल नाही, म्हणून ती सुईणीशी संगनमत करते, राजवाड्यापासून गरीब ब्राह्मणाच्या घरापर्यंत भुयार खणलं जातं, बाळंतपणाच्या वेळी त्या बाईचे डोळे बांधतात, मुलगा पळवतात, आणि वरवंट्याला कुंचा बांधून पुढ्यात ठेवतात, म्हणे तुला वरवंटा झाला. फॅमिली सीक्रेट म्हणायचं तर याच्यापुढे काय आहे सांगा! पुढे ती आई दर शुक्रवारी 'जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो' म्हणून अक्षता टाकते आणि त्या बरोब्बर राजपुत्राच्या डोक्यावर पडतात. राजपुत्र मोठा होऊन नको त्या इच्छेने तिच्याच घरी येतो, अंधारात वासराच्या शेपटीवर पाय पडतो तेव्हा गाय वासराला म्हणते, जो आपल्या आईकडे जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिणार. आई ही ओळ जरा भरभर वाचायची, का ते मला लग्नानंतर कळलं.

हे लहान मुलांचं आहे असं कोण म्हणेल? माझं म्हणणं एवढंच की तुमच्या पुरवणीत अशी हलकीफुलकी, जादूची, मोठ्यांसाठीची कादंबरी क्रमशः छापा ना. ऐतिहासिक झालं, गूढ झालं, भयकथा तर पोत्याने आहेत. ही कहाणीच घ्या हवं तर. राजपुत्राला खरं कळतं, भर जेवणावळीत आईला पान्हा फुटतो, दुधाच्या धारा त्याच्या तोंडात उडतात, तो ब्राह्मण आईबापांना राजवाड्याशेजारी वाडा बांधून देतो आणि सगळं गोड होतं, पण त्या राणीने दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वाड्याकडे बघून काय केलं असेल? आणि सुईण, जिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, ती तर आमच्या पोथीत पुन्हा कुठे येतच नाही. मी आईला एकदा विचारलं होतं तर म्हणाली, गप बस, वाण घे आधी.

कळावे,
आपली एक वाचक, डोंबिवली