11 महिने आमचं कपाट सांभाळलेल्या पोरीला

तुझं नाव लिहीत नाही, ऑफिसचंही नाही. का ते तुला सांगायला नको, लिहिलं असतं तर तूच पहिली ओरडली असतीस.

2024 च्या पावसाळ्यात तू मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून प्रशिक्षणार्थी म्हणून आमच्याकडे आलीस, तेव्हा खरं सांगते, मी साहेबांकडे जाऊन कुरकुर केली होती. म्हटलं हिला टपालाला द्या, आवक-जावकला द्या, पण आस्थापनेत बाहेरचं कुणी नको, कारण आमच्याकडे असतं काय तर सेवापुस्तकं, गोपनीय अहवाल (दरवर्षी साहेब कर्मचाऱ्याच्या कामावर शेरे लिहितात ते), विभागीय चौकशीच्या फाईली आणि मेडिकल बिलं, म्हणजे कुणाला काय दुखणं आहे, कुणी किती कर्ज काढलंय, कुणी बायकोचं नाव काढून आईचं नॉमिनेशन केलंय सगळं त्या दोन लोखंडी कपाटांत. आणि तू याच तालुक्यातली. शिवाय ग्रॅज्युएटला महिना 10000 विद्यावेतन, तेही 6 महिन्यांपुरतं (ते 5 महिने नंतर वाढले), एवढ्यात कोण जीव लावून काम करतंय असंही मनात होतं. साहेबांनी ऐकलं नाही. बरं झालं.

पहिल्याच आठवड्यात तू मला अडवलंस. "मॅडम, ज्याचा गोपनीय अहवाल त्यालाच कॉपी द्यायची, मग गोपनीय कुणापासून?" 24 वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग बसून सांगितलं की पूर्वी फक्त वाईट शेरे कळवायचे, 2008 मध्ये देवदत्त केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं प्रत्येक नोंद कळवा, पण बाकी जगापासून ते गोपनीयच. तू मान डोलावलीस आणि वहीत लिहून घेतलंस. पुढे माहिती अधिकारात एकाने दुसऱ्याच कर्मचाऱ्याचे अहवाल आणि त्याला झालेल्या शिक्षांची माहिती मागितली, तर उत्तराच्या कच्च्या मसुद्यात खासगी माहिती नाकारता येते ते कलम 8(1)(j) आणि असे अहवाल, शिक्षा ही खासगी माहितीच म्हणणारा सुप्रीम कोर्टाचा 2012 चा गिरीश देशपांडे निकाल तूच टाकलास, आणि व्यापक जनहित असेल तर गोष्ट वेगळी हेही खाली लिहिलंस, जे मी सांगायचं विसरले होते.

पण आभार मला त्याचे मानायचे नाहीत, ते कुणीही शिकतं. पाठकोऱ्या कागदांचे मानायचेत.

आमच्याकडे चुकलेल्या प्रिंट टाकून देत नाहीत, मागची बाजू कोरी म्हणून कच्च्या कामाला वापरतात, वर्षानुवर्षं, काटकसर म्हणून आम्ही ते कौतुकानं सांगतो. एकदा शिपाई वडापावची यादी घेऊन निघाला, कुणाला दोन कुणाला एक, आणि तू त्याला दारात थांबवून कागद उलटा केलास. मागे एका बाईंच्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स होती. आजाराच्या नावासकट. तू काही बोलली नाहीस, यादी नव्या कागदावर उतरवून दिलीस आणि दुपारभर बसून तो अख्खा गठ्ठा चाळलास, निम्मा फाडला. मी तिथंच होते. तो गठ्ठा माझ्याच टेबलावरचा होता गं.

त्यानंतर मला माझंच दिसायला लागलं. फाईल उघडी टाकून चहाला जाणं. सेवापुस्तकाच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर "ही नोंद बघा जरा" म्हणून टाकणं, ज्या ग्रुपमध्ये 40 जण. तू एकदा एवढंच म्हणालीस, मॅडम तो फोटो डिलीट फॉर एव्हरीवन करता येतो अजून. मला राग आला होता तेव्हा, सांगून टाकते. तीन दिवसांनी संध्याकाळी घरी भाकऱ्या थापताना राग गेला, पण तोवर डिलीटची वेळ टळून गेलेली.

आणि ती एक फाईल. मेडिकल बिलांच्या ढिगातून तू एक काढून माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालीस ही मी नको करायला, हे आमच्या नात्यातले आहेत, मी पहिलं पान सोडून काही बघितलं नाही. मी फाईल घेतली. नंतर तुला कधी त्या कपाटाच्या खालच्या खणाकडे वळूनसुद्धा बघताना पाहिलं नाही, तुझ्या घरी त्यांच्या तब्येतीची चर्चा होत असणारच, कुणीतरी तुला म्हणालंही असेल की तू तिथं आहेस तर जरा बघ ना पुढं सरकतंय का.

आता तुझ्या जागी कुणी नाही. चावीला तू बांधलेला निळा दोरा आहे तसाच आहे, आणि पाठकोरे कागद आता मी स्वतः बघून मगच बाहेर सोडते, शिपाई हसतो. परीक्षेचा निकाल लागला की पेढे घेऊन ये.

त्या बिलाचं काय झालं ते तू 11 महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस. मी पण सांगणार नाहीये.