योकलबद्दल तुला सांगायचंच होतं

प्रिय अभ्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की "मी आता या वयात वकिली सोडून भाषाशास्त्र कसलं करतोय", तेव्हापासून डोक्यात एकच नाव फिरतंय, अल्बेनियन भाषेचा अभ्यासक नॉर्बर्ट योकल. मोराव्हियात, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकात, ज्यू घरात 1877 ला जन्म, व्हिएन्नात कायद्याची डिग्री, आणि मग कोर्टकचेरीत न पडता गडी 1903 मध्ये युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरीला लागला. अल्बेनियन शिकायला घेतली ती तिशीच्या आसपास, बोल!

आणि भाषा तरी कुठली निवडली बघ. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या गुस्ताव मायरचा अल्बेनियनचा व्युत्पत्तिकोश, म्हणजे कुठला शब्द कुठून आला ते सांगणारा कोश, 1891 ला आला होता, 5,140 नोंदी, त्यातले जेमतेम 400 शब्द त्याला अस्सल वारशाने आलेले वाटले, बाकीचे लॅटिन, तुर्की, ग्रीक, स्लाव्ह नाहीतर पत्ताच न लागलेले. मायर मोठाच माणूस, पहिली पायवाट त्यानेच पाडली, पण त्या आकड्यामुळे ही भाषा म्हणजे निव्वळ उसनवारी असं वाटायला लागतं की नाही? योकलने शब्द परत एकेक करून उचलले, कुठला ध्वनी कुठल्या काळात बदलला, लॅटिन यायच्या आधी की नंतर, असं लावत लावत गेला आणि मायरने परके म्हणून बाजूला टाकलेले कितीतरी शब्द मूळचेच आहेत हे दाखवलं. 1923 च्या त्याच्या पुस्तकात तर भाषेच्या जोडीने लोकांचं जगणंही येतं, मला हे फार आवडतं, कारण शब्द असे हवेत थोडीच असतात. आणि हे सगळं लायब्ररीची नोकरी सांभाळून हं.

पुढचं लिहिताना जीव कासावीस होतो रे. 1938 ला हिटलरने ऑस्ट्रिया घेतला, ज्यू म्हणून योकलची नोकरी गेली, मार्च 1942 मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी नाझींच्या ताब्यात असतानाच त्याचा मृत्यू झाला. त्याची पुस्तकं आणि कागद व्हिएन्नाच्या नॅशनल लायब्ररीने उचलले. पुस्तकं हवी होती, माणूस नको होता. मला याची अजून चीड येते.

पण एक्रेम चाबेय होता. अल्बेनियाचा पोरगा, व्हिएन्नात योकलकडे शिकला, 1933 ला डॉक्टरेट केली, विषय इटलीत जाऊन वसलेल्या अल्बेनियन लोकांची भाषा. नंतर मायदेशी जाऊन त्याने शब्दांच्या मुळांचं तेच काम आयुष्यभर पुढे नेलं, आणि अल्बेनियनमधलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक, ज्योन बुझुकुचं 1555 चं, ज्याची एकच प्रत उरलीये आणि ती व्हॅटिकनमध्ये आहे, त्याची चिकित्सक आवृत्ती 1968 ला काढली. गुरूच्या मायदेशात गुरूला जगू दिलं नाही, आणि शिष्याने मात्र तिकडे अल्बेनियाच्या राजधानीत, तिरानात बसून त्याचं काम पुढे नेलं.

तू नोकरी सोड असं मी म्हणत नाहीये, योकलनेही नोकरी केलीच. फक्त वयाचं कारण मला देऊ नकोस. आणि तुझ्या ओळखीत जर्मन नीट येणारं कोणी असेल तर कळव, 1923 चं ते पुस्तक मला कोणाबरोबर तरी बसून वाचायचंय.

तुझा,
विन्या