शेकरू आणि जांभूळ

सातारा

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कुरतडणाऱ्या प्राण्याची झाडाशी तुलनाच संभवत नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. महाबळेश्वरच्या रानातली शेकरू आणि जांभूळ ही जोडी घेऊनच मी त्याचे कारण सांगतो.

आधी वाढ पाहा. दीड-दोन किलोंच्या शेकरूचे अंग वयात आल्यावर वाढायचे थांबते, पण त्याचे पटाशीचे चार दात मरेपर्यंत वाढतच असतात. त्यांच्या पुढच्या बाजूलाच कठीण आवरण असल्याने मागची मऊ बाजू आधी झिजते आणि धार कायम राहते. जांभूळ मात्र सालीखालच्या जिवंत पेशींच्या पातळ थरातून आयुष्यभर नवे लाकूड चढवत राहते. शेकरूची जखम भरून येते. झाड मात्र आपली जखम भरत नाही, तर भोवतीने नवे लाकूड वाढवून ती आत बंदिस्त करते.

खरा फरक मला हालचालीत दिसतो, आणि तो वाटतो त्याच्या उलट आहे. मागच्या पायांनी फांदीला उलटे लटकून, झुबकेदार शेपटीने तोल सांभाळत पुढच्या पंजांत फळ धरून खाणारे शेकरू सहा मीटरपर्यंत उडी घेते, म्हणून आपण त्याला स्वच्छंद समजतो. पण ते जमिनीवर क्वचितच उतरते. जिथे फांद्यांची सलगता तुटते, तिथे त्याची वाट संपते. जागेवरून न हलणाऱ्या जांभळाच्या बिया मात्र पक्षी, वटवाघळे आणि उदमांजरे दरीपलीकडेही नेतात.

म्हणूनच रस्ता रुंद करताना चार-दोन झाडे गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हटले की मला फार वाईट वाटते. शेकरूला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि जांभूळ 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. पण शेकरूचे जगणे ज्यावर अवलंबून आहे, ती दोन झाडांमधली जवळीक या दोन्हींत कुठे मोजली जात नाही.

तुमच्या शिराळ्याच्या बाजूला, चांदोलीच्या वाटेवर, अशा तुटक जागा असतील तर त्या नीट पाहून मला कळव. त्या जागी जांभळे लावून फांद्यांची वाट पुन्हा जोडू. पण जांभळाचे बी वाळले की लवकर निकामी होते, तेव्हा फळे पिकतील त्याच दिवसांत ते ताजेच पेरावे लागेल.

तुझा,
अनंत