वेळ मोबाईलनं नाही खाल्ला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागं आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, का खेड्यातल्या लोकांजवळबी आता वेळ उरला नाही, सारा मोबाईलनं खाल्ला. मी आर्वी तालुक्यातला, पाच एकरवाला. मोबाईल पाहतो, खोटं कायले बोलू. पण आमच्या गावात कोणाजवळ कधी वेळ राहते हे मले विजेच्या लाईनच्या टाइमटेबलवरून सांगता येते.

आमच्या फिडरवर, म्हणजे गावाकडं वीज आणणाऱ्या तारेवर, शेतीची थ्री फेज लाईन एक हप्ता दिवसा ८ तास न एक हप्ता रात्री १० तास असते. कागदावर रात्रीचे दोन तास जास्तच भेटतात बरं. पण हरभऱ्यात स्प्रिंकलर लावला का तीन-चार तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्या लागतात, चिखलातून, बॅटरी तोंडात धरून, थंडीनं बोटं वळत नाही न डुकराची खुडबुड आली का जागच्या जागी उभं राहाचं. मधात फेज गेला का मोटर बंद, मंग लाईन येईपर्यंत धुऱ्यावर शेकोटीपाशी बसून राहा, आता त्या बसण्याले कोणी फुरसत म्हणत असंल तर म्हणो बापा. सकाळी घरी येऊन पडलं का बँकेचं, पोराच्या शाळेचं काम दिवसाच असते.

त्या हप्त्यात गुरुदेव मंडळाच्या सायंप्रार्थनेले खंजिरी वाजवाले माणूस भेटत नाही. दिवसाची लाईन लागली का तोच माणूस प्रार्थना झाल्यावर अर्धा-पाऊण तास चौकात गप्पा हाणत बसते. मोबाईल दोन्ही हप्त्यात त्याच्या खिशातच राहते.

घरची दुसऱ्याच्या वावरात कामाले जाते. निंदणाले रोजानं गेली का बाया बाभळीखाली डबा खाताना हसतात, बोलतात, येताना धुऱ्यावरची भाजी खुडून आणतात. कापूस वेचणी मात्र किलोवर. त्या दिवसांत ती पाणीच कमी पिते, काहून तं उठून आडोशाले जाऊन येईपर्यंत किलोभर कापूस हातचा जाते म्हणते. मालकानं तिले कधी घाई कर म्हटलं नाही. कारखान्यातल्या कामगारांले १९४८ च्या कायद्यानं पाच तास कामानंतर अर्धा तास सुट्टी ठरवून दिली, तो कायदा काही आमच्या पऱ्हाटीपर्यंत आला नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, शेतीले दिवसा लाईन देऊ म्हणून. बाजूच्या गावचा फिडर सोलरवर गेला, तिथले लोक रात्री घरी झोपतात. आमचा फिडर कधी, विचारलं तर लाईनमन हसते फक्त. निदान हरभऱ्याचं ओलीत होईस्तोवर तरी सलग दिवसाची पाळी द्या, एवढंच मागणं आहे.

पत्र दिवसाच्या हप्त्यात लिहून राहिलो. सोमवारपासून रात्रीची लाईन आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा