मुलांना अर्ज लिहायला शिकवा

महोदय,
१० डिसेंबरला शाळाशाळांत मानवी हक्कांची भाषणे होतात. नववी-दहावीच्या मुलांना त्यापेक्षा एक अर्ज लिहायला शिकवावे. पंचायतीच्या दारात व्हीलचेअर अडते? पायरी मोजा. १:१२ चढाने १५ सेंमी पायरीला १८० सेंमी लांबीचा रॅम्प लागतो, हे गणित मुलांना सहज जमते. मग माहिती अधिकाराचा अर्ज, पालकांच्या नावे. मुले हमखास ‘रॅम्प का नाही?’ असे लिहितात आणि तिथेच फसतात, कारण २००५चा माहिती अधिकार कायदा दप्तरी असलेलीच माहिती देतो. ‘रॅम्पच्या मंजुरीची व खर्चाची प्रत द्यावी’ असे मागावे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील.
अत्याचाराच्या प्रकरणात मात्र मुलांनी चौकशी करू नये, पीडिताला खोदून विचारू नये. तिथे थेट १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन. गोव्याचा २००३चा बाल कायदाही वर्गात वाचून घ्यावा.

— काही शिक्षक, फोंडा