लेहच्या ताईंना, इंदोऱ्यातून

प्रिय ताई,

जय भीम.

तुमची बदली झाल्याचं मला पोरींकडूनच कळलं. निरोपाचा कार्यक्रम नको, हार नको, शाल नको, असं तुम्ही सगळ्यांना बजावून सांगितलं. म्हणून पत्र लिहिते आहे. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण तुम्ही आमच्या पोरांसाठी काय केलं ते नागपुरातल्या आणखी लोकांना कळायला पाहिजे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. तुमची हॉकी बर्फावरची, आइस हॉकी. दोन्हीकडून सहा-सहा खेळाडू, चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक रबराची तीन इंच रुंद आणि एक इंच जाड चकती. मे महिन्यात पारा 45 च्या पार जातो त्या गावात बर्फ कुठून आणायचा? तुम्ही पोरांच्या पायात एका रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट्स चढवले आणि सकाळी उन्हं चढायच्या आत सिमेंटच्या कोर्टवर उतरवलं. बर्फ नसेल तेव्हा जगभरचे खेळाडू असाच सराव करतात, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं.

पण आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी त्या पत्र्याच्या पेटीसाठी.

हा खेळ महाग आहे. हेल्मेट, त्याची जाळी, खांद्याचे आणि कोपराचे पॅड, ग्लोव्हज, नडगीचे गार्ड, स्केट्स, स्टिक. एका पोराचं हे सगळं नवं घ्यायचं तर आमच्यासारख्या घरात महिन्याची कमाई पुरत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचीच पोरं खेळणार, बाकीची कुंपणाबाहेरून बघणार, असंच झालं असतं. तुम्ही पहिल्या दिवशीच नियम केला की सामान कोणाच्याही नावावर राहणार नाही. सगळं पेटीत. सरावाला यायचं, आपल्या मापाचं उचलायचं, झाल्यावर पुसून परत ठेवायचं. एका पालकांनी विनंती केली होती की आमच्या मुलासाठी वेगळं हेल्मेट आणतो, ते फक्त त्यालाच द्या. तुम्ही म्हणालात, "आणा ना, पेटीत ठेवू." ते आणलं गेलं, पेटीत गेलं, आणि दुसऱ्या आठवड्यात ते माझ्या पोरीच्या डोक्यावर होतं.

ताई, तुम्ही हे अगदी सहज केलं. पण मी इंदोऱ्यात वाढलेली बाई आहे. एकाच्या घामानं ओलं झालेलं हेल्मेट दुसऱ्यानं काही न बोलता डोक्यावर घालायचं, आणि त्यात जरीपटक्याचं पोरगं, मोमिनपुऱ्याची पोरगी, पाचपावलीचे भाऊ-बहीण आणि आमची पोट्टी सगळे आले, हे मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या आजीला हे दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या दिवशी फार वाटलं.

मोमिनपुऱ्याच्या पोरीच्या डोक्यावरचा स्कार्फ हेल्मेटच्या आत नीट बसावा म्हणून तुम्ही तिच्या अम्मीसोबत बसून पट्टा सैल केलात. ज्या पोराला ऐकू येत नाही त्याच्यासाठी सगळ्यांना शिकवलंत की पास मागताना ओरडायचं नाही, स्टिक वर करायची. आता सगळी टीम तशीच खेळते, तो मैदानावर नसला तरी.

चाकांचंही सांगायला हवं. सिमेंटवर ती आतल्या कडेनं लवकर झिजतात. तुम्ही पोरांच्या हातात चाकं खोलायची एलन-की दिली आणि चाकं उलटसुलट करून, पुढची मागे लावून वापरायला शिकवलंत. बेअरिंगमध्ये धूळ गेली की कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका पेट्रोलनं धुऊन देतात, पैसे घेत नाहीत. तेही आता टीमचेच झाले आहेत.

मला सुरुवातीला भीती होती ती लागण्याची. टीव्हीवर बघितलेली आइस हॉकी म्हणजे नुसती धडकाधडकी. तुम्ही मला बसवून समजावलंत की एवढ्या लहान पोरांना धडक मारायची परवानगीच नसते. अमेरिकेनं 2011 मध्ये आणि कॅनडानं 2013 मध्ये नियम बदलून बारा वर्षांपर्यंतच्या पोरांमधली अंगावरची धडक बंद केली. माझ्यासारख्या आईला हे असं तारीखवार सांगणारं माणूस भेटलं म्हणून मी पोरीला पाठवत राहिले.

आता त्या संध्याकाळबद्दल. कुंपणापाशी उभ्या असलेल्या काही पोट्ट्यांनी तुमच्या चेहऱ्यावरून एक शब्द फेकला. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. तुम्ही नागपुरात इतकी वर्षं राहिलात, मराठी बोलता, वाचता, दसऱ्याला आमच्यासोबत दीक्षाभूमीला येता, आणि तरी आमच्याच गावात तुम्हाला हे ऐकावं लागलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. आमच्यातला एक पोरगा स्टिक घेऊन धावला होता. तुम्ही त्याला हाताला धरून परत आणलं, सगळ्यांना गोल बसवलं आणि लॅरी क्वाँगची गोष्ट सांगितली.

मी त्या दिवशी डबा घेऊन आले होते, म्हणून मीही ऐकली. कॅनडात जन्मलेला, चिनी आईबापांचा पोरगा. न्यूयॉर्क रेंजर्सच्या खालच्या संघात त्यानं गोल करण्यात सगळ्यांना मागे टाकलं होतं. 13 मार्च 1948 ला त्याला मोठ्या संघात घेतलं, मॉन्ट्रियलमध्ये सामना. दोन सत्रं तो बाकावर बसून राहिला. तिसऱ्या सत्राच्या शेवटी त्याला बर्फावर पाठवलं, जेमतेम एक मिनिट. त्यानंतर एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, तो पुन्हा कधीच खेळला नाही.

"एकच मिनिट? काहून?" असं माझ्या पोरीनं विचारलं. तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही, तिच्याकडे बघत राहिलात. मग तिला विली ओ'रीबद्दल सांगितलंत. त्याच मॉन्ट्रियलमध्ये 18 जानेवारी 1958 ला बोस्टन ब्रुइन्स संघाकडून उतरलेला, एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पक लागून त्याच्या एका डोळ्याची नजर गेली होती आणि त्यानं ते लपवून ठेवलं होतं, कळलं असतं तर खेळूच दिलं नसतं. त्याचा 22 नंबर ब्रुइन्सनं 2022 मध्ये कायमचा त्याच्या नावे केला. म्हणजे चौसष्ट वर्षांनी.

त्या दिवसापासून पोरांना तुमच्या शिट्टीचा अर्थ कळला. तुम्ही दर मिनिटाला शिट्टी वाजवून खेळाडू बदलायच्या. चांगला खेळणारा असो की नुकताच चालायला शिकलेला, प्रत्येकाला मैदानावर तेवढाच वेळ. आधी तेज पोरं कुरकुरायची, जिंकायचं असेल तर आम्हालाच राहू द्या म्हणायची. क्वाँगची गोष्ट ऐकल्यावर ती कुरकुर थांबली. माझी पोरगी तेव्हा सगळ्यात कच्ची होती. दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये ती बाकावरच राहिली असती. तिला तिचं मिनिट दर वेळी मिळालं, म्हणून आज ती गोलकीपर आहे. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

तुम्ही स्वतःबद्दल फार कमी बोललात. जे बोललात ते लक्षात आहे. लेहमध्ये जुन्या लोकांनी लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून गोठलेल्या तळ्यावर खेळायला सुरुवात केली. पोरींना बर्फ मिळायचा तो पोरांचा खेळ आटोपल्यावर, आणि पॅडही त्यांचे उरलेले. त्याच भागातल्या पोरी भारताच्या संघात गेल्या, 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 नं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, आणि 2025 मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया कपचं कांस्यपदक आणलं. त्या पदकाची बातमी तुम्ही मोबाइलवर दाखवली तेव्हा आमच्या पोरींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: यांच्याकडेपण पेटी होती का?

आता कामाचं. पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारचा सराव बंद पडणार नाही, मोठ्या दोन पोरी शिट्टी वाजवतील आणि घड्याळ मी बघेन. चाकं पाठवू नका, ती इथे मिळतात. लहान मापाचे ग्लोव्हज सापडले तर पाठवा, आमच्याकडचे दोन जोड फाटले आहेत. जानेवारीत पोरींना लेहला बोलावता म्हणालात, त्यासाठी वस्तीत वर्गणी सुरू केली आहे आणि ऐकू न येणाऱ्या पोराचे वडील हिशेब ठेवतात. उंचीची सवय व्हावी म्हणून आधी दोन दिवस नुसतं आराम करायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. बर्फावर थांबायचं तंत्र चाकांपेक्षा वेगळं, पातं आडवं करून बर्फ खरवडायचा, एवढं ऐकूनच पोरी घाबरल्या आहेत. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेले जर्दाळू पोरांनी एका बैठकीत संपवले.

तुम्हाला तुमच्या लडाखी भाषेतला नमस्कार, जुले, आणि पुन्हा एकदा जय भीम.

तुमच्या गोलकीपरची आई
इंदोरा, नागपूर