‘केमो चालू आहे का?’ हा प्रश्न सक्तीचा करा

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी औषधविक्रेता आहे. केमो घेणाऱ्या रुग्णाला नागीण होणे आमच्यासाठी नवे नाही. प्रतिकारशक्ती खालावली की कांजिण्यांचा अंगात दबून बसलेला विषाणू डोके वर काढतो. रुग्ण त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो आणि चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येतो. ‘दुसरी काही औषधं चालू आहेत का?’ असे विचारले तर म्हणतो, ‘सध्या काही नाही.’ तो खोटे बोलत नसतो. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या बहुधा १४ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस थांबायचे, असा क्रम असतो. तो त्या सुट्टीच्या आठवड्यात आलेला असतो.

चिठ्ठीवर ब्रिव्हुडिन असेल तर हीच सुट्टी जिवावर बेतते. काही देशांत नागिणीवर हे औषध देतात. त्यापासून शरीरात बनणारा पदार्थ डीपीडी नावाचे विकर (एन्झाइम) निकामी करतो. कॅपेसिटाबिनचे शरीरात फ्लुरोयुरासिल हे कॅन्सरवरचे औषध होते आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक हेच विकर मोडते. ते बंद पडले की केमोचा नेहमीचाच डोस विषासारखा चढतो. तोंड आतून सोलवटते, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी घसरतात. म्हणून ब्रिव्हुडिनच्या शेवटच्या गोळीनंतर किमान ४ आठवडे ही केमो द्यायची नसते. रुग्णाला हे कोण सांगणार?

जपानमध्ये १९९३ साली ब्रिव्हुडिनचेच भावंड असलेले सोरिव्हुडिन बाजारात आले आणि दीड महिन्याच्या आत १५ रुग्ण दगावले. त्यांना याच गटातली केमो चालू होती.

धोका या एकाच जोडीचा नाही. एचआयव्ही आणि कोविडच्या उपचारांत वापरले जाणारे रिटोनाविर यकृतातले दुसरे विकर अडवते. त्यामुळे व्हिनक्रिस्टिन, डोसेटॅक्सेल ही केमोची औषधे अंगात साचून राहतात.

मात्र, साहेब, अँटिव्हायरलवर, म्हणजे विषाणूंवरच्या औषधांवर, सरसकट बंदी घालू नका. हेपॅटायटिस बी असलेल्यांना केमोच्या काळात तीच औषधे वाचवतात. एचआयव्हीची औषधे तर थांबवताच येत नाहीत. नागिणीवरही असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आहेत. मूत्रपिंड पाहून डोस ठरवला की झाले.

चूक होते ती दोन डॉक्टरांच्या मधल्या जागेत. कॅन्सरच्या डॉक्टरांना नागिणीची चिठ्ठी दिसत नाही, त्वचेच्या डॉक्टरांना केमोची फाइल दिसत नाही. म्हणून ‘केमो चालू आहे का, की गेल्या काही आठवड्यांत झाली?’ हे विचारून उत्तर चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक करा. उत्तर नसेल तर अँटिव्हायरल देण्याआधी आम्ही डॉक्टरांना फोन केलाच पाहिजे, असा नियम हवा. केमोच्या गोळ्यांसोबत रुग्णाला त्याच्या भाषेतले कार्ड द्या. त्यावर औषधाचे नाव आणि केमोच्या पुढच्या फेरीची तारीख असावी. ‘सुट्टीच्या आठवड्यातही हे कार्ड दाखवा’ ही ओळ ठळक छापा.

आपला,
एक औषधविक्रेता